पोळ्याचे आवतन

दिवस पोळ्याचा, वेळ सकाळची. हजर : सब-इन्स्पेक्टर म्हणून मी, एक हेड कॉन्स्टेबल, ठाण्यात खबर घेऊन आलेला गावचा पोलीस पटेल. बंद दारापुढे कुऱ्हाड घेतलेला शेतकरी आणि दाराआड त्याचा शेजारी. गावोगावची पटेल-पटवारी ही पदे अजून रद्द झाली नव्हती तेव्हाची, भीमपूरकडच्या राज्यसीमेवरल्या गावातली ही घटना माझ्या मनातून गेलेली नाही.

दोघांकडे एकेकच बैल. जोडी लावून दोघांची शेती व्हायची. शेजाऱ्याचा बैल कुऱ्हाडवाल्याच्याच गाईचा गोऱ्हा. आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळले होते आणि आमंत्रणाच्या रीतीप्रमाणे "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे त्यांना म्हटले होते. सकाळी शेजाऱ्याचा खुंटा रिकामा. "इकला," एवढेच सांगून तो कडी लावून बसला.

हेड कॉन्स्टेबलने दरडावताच कुऱ्हाड वर गेली. मी कॉन्स्टेबलची काठी जीपमध्ये ठेवायला लावली, पटेलाकडून गर्दी मागे हटवली, टोपी काढली आणि ओट्याशी जमिनीवर बसलो. बसलेल्या माणसावर फार वेळ ओरडता येत नाही. कुऱ्हाडीचा विषय काढला नाही. विकलेल्या बैलाचे नाव विचारले.

"चांद्या," तो म्हणाला. मग, "आवतन देऊन कोनी इकते का, साहेब?"

कोणाला विकला, ते त्याला ठाऊक नव्हते. मी तिथेच अडलो. बैल विकणारा माणूस गिऱ्हाइकाचे नाव स्वतःहून सांगतो. दाराकडे वळून मी हळू आवाजात तेच विचारले. पुन्हा विचारले.

"इकला नाई, साहेब," आतून आवाज आला. "राती वावरात चाराले नेला, तिथं साप डसला त्याले. तिथल्याच खड्ड्यात पुरला."

मग खोटे का बोललास?

"इकला मनलं तर हा शिव्या देईन. मेला मनलं तर सनाच्या दिवशी जेवनार नाई."

कुऱ्हाड त्याने आपणहून ओट्यावर ठेवली. दार उघडले.

"पुराले तरी बोलवाचं होतं मले," शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला. दोघे वावराकडे निघाले.

गुन्हा नोंदवला नाही. समज दिल्याची नोंद स्टेशन डायरीत केली. 'शांत हो' म्हटल्याने कोणी शांत झालेला मी पाहिला नाही. खरे काय घडले ते त्याला कळायला हवे असते, आणि तोवर त्याच्याजवळ कोणीतरी बसावे लागते.

वावरातून परत येऊन जीपजवळ शेतकरी म्हणाला, "साहेब, आज आवतन घ्या. पुढच्या पोळ्याले जेवाले या."

त्याआधीच माझी बेज्जूरला बदली झाली. ते जेवण राहिले आहे.