विरोधातलं एक मत

बाप्टिस्ट ख्रिस्ती मंडळीत पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, वरून कोणी पाठवत नाही. सभासदच चिठ्ठीवर मत देऊन ठरवतात. एका गावानं एकतीस वर्षांपूर्वी असाच एक पाळक निवडला, तरुण, आडव्या अंगाचा, गळा काढून बेसूर गाणारा. त्रेसष्ट मतं बाजूनं, एक विरोधात. चिठ्ठ्या मोजणाऱ्या पोस्टातल्या बाईंना तो एक आकडा हळूच गिळता आला असता, पण बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी ‘विरोधात एक’ हे इतकं खणखणीत वाचलं की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनीही मान वर केली.

ते मत घड्याळजीचं होतं.

निवडीआधी नमुन्याचा उपदेश करायला आलेला हा पाळक दर दहा मिनिटांनी मनगटाकडे बघायचा आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणून पुढे बोलायचा. घड्याळजीचा डोळा धंद्यानं तयार झालेला. दुसऱ्या बाकावरून त्याला दिसत होतं की काटे अकरा वाजून पाच मिनिटांवर जे थांबलेत ते थांबलेतच. उपदेश एक तास चाळीस मिनिटं चालला. ज्याला स्वतःचं घड्याळ बंद पडलेलं कळत नाही त्याच्या हाती आपला आत्मा कसा सोपवायचा, असा विचार करून त्यानं ‘नाही’ लिहिलं, चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि मोकळा झाला.

मोकळा कसला. मंगळवारी पाळक तेच घड्याळ घेऊन दुकानात हजर. घड्याळ उघडून, साफ करून, तेल देऊन होईपर्यंत ते स्टुलावर बसून बोलत राहिले, आणि घड्याळ चालू झालं तोवर घड्याळजीला माणूस मनापासून आवडून गेला होता. मत बदललं, पण चिठ्ठी काही बदलता येत नव्हती.

घड्याळ सुधारलं, उपदेश नाही. बाप्तिस्म्याच्या हौदात कमरेएवढ्या गार पाण्यात माणसाला उभं करून पाळक एवढी लांब प्रार्थना करायचे की बाहेर आलेला माणूस पुढे आठवडाभर शिंकत असायचा. तरी कोणी कुरकुर केली नाही. त्यांच्यावर रागावणं गावाला जमतच नव्हतं.

त्यांना मात्र ते एक मत सलत राहिलं, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“कोणाला तरी मी नकोय, घड्याळजी,” ते स्टुलावर बसून म्हणायचे. “कोण ते कळलं, तर त्याच्यासाठी काहीतरी करता येईल.”

कोण ते कळेना, म्हणून सगळ्यांसाठीच करावं लागलं. पहिला संशय बेकरीवाल्यावर, कारण तो कधी हसत नसे. पाळक दोन वर्षं त्याच्याकडे सकाळी पीठ मळायला गेले आणि त्यांच्या हातचे पाव गिऱ्हाइकांनी निमूट खाल्ले. बेकरीवाल्याची बायको गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली ती पाळकांनीच. मग संशय सलूनवाल्यावर गेला. पाळकांच्या डोक्यावर जेमतेम वीस केस, पण दर शनिवारी ते कापायला खुर्चीत. मग पोस्टातल्या बाई. बाईंची नजर अधू झाली तेव्हा रोज त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं आणि प्रत्येक बातमीवर त्यांच्याशी भांडायचं, हा पाळकांचा नेम झाला.

प्रत्येक नवा संशय आधी दुकानात यायचा. “तुला सोडून कोणावरही संशय येतो बघ,” पाळक म्हणायचे. घड्याळजी झटकन डोळ्याला भिंग लावायचा. निदान एक डोळा तरी लपायचा.

“अहो, सांगून टाका एकदाचं,” त्याची बायको म्हणायची.

“सांगितलं तर ते बाईंकडे जायचे थांबतील.”

हे वरवरचं. खरं म्हणजे ते दुकानात यायचे थांबतील, याची त्याला भीती होती.

मग पाळकांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाला, फार दिवस नाहीत. माफी मागायची राहून गेली तर आपल्याला जन्मभर झोप लागणार नाही, हे घड्याळजीला कळून चुकलं. कोट चढवून तो त्यांच्या घरी गेला आणि खाटेशेजारी बसायच्या आतच बोलला.

“साहेब, ते मत माझं होतं.”

पाळक हसले. “पाचवा.”

“म्हणजे?”

“सोमवारपासून तू पाचवा. बेकरीवाला रडला, सलूनवाला रडला, बाई रडल्या नाहीत पण कबूल झाल्या. डॉक्टरही म्हणाला माझंच, आणि तो तेव्हा चार वर्षांचा होता. सगळ्यांना माफ केलं. तुलाही केलं, जा.”

घड्याळजीला हे लागलं. एवढी वर्षं जपलेला गुन्हा असा घाऊक माफीत निघाला.

“तुमचं घड्याळ अकरा पाचला बंद पडलं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही बोलतच राहिलात. मला राग आला.”

पाळकांचं हसू गेलं.

“आणि मी तुझ्याच दुकानात बसून शोधत होतो.”

“हो.”

“हे माफ करायला जरा वेळ लागेल. बस.”

तो बसला. पाव तासानं पाळकांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते खोकला लागेपर्यंत हसले. घड्याळजीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

“आता ऐक. हे कोणाला सांगायचं नाही,” ते म्हणाले. “त्या चौघांना मी मनापासून माफ केलंय. ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे.”

पाळक गेले, आणि आठवड्यानं चर्चमध्ये त्यांच्या आठवणींची सभा भरली. बेकरीवाला उभा राहून रडत म्हणाला, “ते एक मत माझं होतं, आणि त्यांनी मला माफ केलं.”

“खोटं,” सलूनवाला उठला. “माझं होतं.”

“दोघंही खाली बसा,” पोस्टातल्या बाई काठी आपटून म्हणाल्या. “चिठ्ठ्या मी मोजल्यात. कोणाचं होतं ते मला माहीत आहे.”

घड्याळजीनं मान खाली घातली.

“माझं,” बाई म्हणाल्या.

बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. पुढून कोणीतरी विचारलं, अजून कोणाला काही सांगायचंय का? सगळ्या बाकांवरून हात वर गेले. आयुष्यात एकदाही सभेत न बोललेल्या घड्याळजीला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि तो तसाच रडत बसून राहिला.