मावशीचा पदर

वस्तीतून आधी मावशीचा आवाज यायचा, मग मावशी आणि मग पोरांची शेपटी. पहिल्यानं तिच्या लुगड्याचा पदर धरायचा, दुसऱ्यानं पहिल्याचा सदरा, असं करत अख्खी अंगणवाडी माझ्या दारात येऊन थांबायची. कागदावर मी सेविका आणि ती मदतनीस. पण मला विचारतंय कोण!

चौसाळ्याच्या पलीकडची आमची वस्ती लहान. निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी, चार-दोन मेंढरंवाल्यांची, उरलेली बागायतदारांची. दिवाळी झाली की तोडीवाले कारखान्याकडं, मेंढरंवाले रानोमाळ आणि बागायतदारांची पोरं पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत. मागं उरणार काय? मी आणि सतरंजी! सुपरवायझर मॅडमनी तर बजावूनच ठेवलं होतं, "पट घसरला तर ही अंगणवाडी गावातल्या अंगणवाडीला जोडू." गाव हायवेच्या पल्याड. तीन वर्षांचं लेकरू तो रस्ता ओलांडणार कसं? मी रोज हजेरीवरची नावं मोजत बसायचे.

मावशी मात्र असलं मोजत बसत नसे. तोडीवाल्यांचा ट्रक भरायला लागला की ती पदर खोचून पुढं आडवी.

"लेकराला कावून नेता? खोपीत बसून रडंल की! आजीपाशी ठेवा."

"आजीला दिसत न्हाई, मावशी," एक आई म्हणाली.

"मला दिसतंय की!" म्हणत मावशीनं तिची सोनी ट्रकमधून उतरवून घेतली. आई-बाप परत येईपर्यंत सोनी मावशीकडंच जेवली, मावशीच्याच कुशीत झोपली.

बागायतदारांसाठी युक्ती वेगळी. पिवळी गाडी यायची वेळ साधून मावशी खिचडीला लसणाची फोडणी द्यायची. एकदा एका बागायतदाराचा नातू टाय-बुटासकट गाडीतून उतरला आणि आमच्या पंगतीत येऊन बसला. आजोबा तणतणत आले.

"आण्णा, लेकरू लई शहाणं हाय. तुमी बी बसा," मावशी म्हणाली.

आण्णा काही बसले नाहीत, पण नातू आमचा झाला.

वय झालं तशी मावशी निवृत्त झाली. मॅडम आल्या, शाल-नारळ झालं. आता पोरं कोण आणणार, या धास्तीनं मी ढसाढसा रडले. "गप गं पोरी, मी काय मेले का?" म्हणत मावशी घराकडं निघाली. आणि काय सांगू! सोनीनं सवयीनं उठून तिचा पदर धरला, सोनीमागं दुसरं, तिसरं, शेवटी तो टायवालासुद्धा. मॅडमपुढं उरलो मी आणि सतरंजी.

"अहो, पट कुठं चालला?" मॅडम ओरडल्या.

शेवटी मावशीच सगळ्यांना माघारी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरं गोळा करायला निघाले, तर मावशी दारात जुनं लुगडं घेऊन उभी. "तुझ्या पदराला सतरा पिना. लेकरांनी धरायचं काय? हे घे खांद्यावर."

आता तेच लुगडं घेऊन मी रोज वस्तीतून निघते. मागं शेपटी असते. मावशी ओसरीवरून खेकसते, "हळू चाल गं, मागचं लेकरू बारीक हाय!"

मी हळू चालते.