एक कप घेतो आणि सोडतो

माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात आमच्या तालमीच्या संघाचा गोलकीपर आहे. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे वाक्य नीट कळत नाही. तालीम म्हणजे कुस्ती, मग गोलकीपर कुठून आला, असं ते विचारतात. आमच्याकडे प्रत्येक पेठेची तालीम असते आणि तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि शेजारच्या पेठेचा संघ हा शत्रू असतो. माझा नवरा पुण्याचा. त्यालाही लग्नाच्या दिवसापर्यंत ही थट्टाच वाटत होती. लग्नात कान पिळायच्या वेळी भाऊच जागेवर नव्हता, कारण सेमीफायनल टायब्रेकरला गेली होती. आला तो जर्सीवरच. त्याच्या बोटांचा चिखल नवऱ्याच्या कानाला लागला, आणि ते सगळं फोटोत आहे.

आम्ही नेदरलँड्समध्ये, झूटरमेरला राहतो. घरामागेच फुटबॉलची मैदानं आहेत, हिरवीगार, एक खड्डा नाही. रविवारी तिथे डच लोक खेळत असतात आणि आम्ही पडदे ओढून यूट्यूबवर कोल्हापूरची मॅच लावतो. प्रेक्षक चारच. मी, माझा नवरा, हूफडॉर्पला राहणारा आमच्याच पेठेतला एक जण, आणि आइंडहोव्हनहून ट्रेननं येणारा एक कॉम्प्युटर चिप्सच्या मशीनवाला इंजिनिअर. हा शेवटचा पलीकडच्या पेठेचा. कोल्हापुरात असता तर त्याला मी दारात उभं केलं नसतं. इथे फुटबॉल कळणारे कोल्हापूरकर मिळतात किती? म्हणून त्याला सोफ्याची खिडकीकडची बाजू दिली आहे, आणि तो हरला की पुढच्या वेळचं मटण त्यानं आणायचं, आम्ही हरलो की आम्ही.

मॅच सुरू झाली की माझी भाषा माहेरची होते. ‘मी जातो, मी बघतो’ असं मी पुरुषासारखं बोलायला लागते आणि शिव्याही देते. लहानपणी स्टेडियमच्या गॅलरीत पोरींना कोण नेत होतं? तेव्हाचं सगळं मी आता झूटरमेरच्या सोफ्यावर वसूल करते.

यंदाचा सीझन सुरू होताना आमची अपेक्षा सरळ होती. लीग जिंकायची. हूफडॉर्पवाल्यानं तसं लेखी मांडूनही पाठवलं होतं: बचाव भक्कम, दोन नवे फॉरवर्ड, कीपर अनुभवी. मला मात्र लीगशी फारसं देणंघेणं नव्हतं. मला एक कप हवा होता, कुठलाही.

त्याचं कारण भावाचा डावा गुडघा. मी इथे एका फिजिओथेरपी प्रॅक्टिसच्या रिसेप्शनवर काम करते. नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर आले, काही वर्षं घरात बसले, डच शिकले आणि मग हे काम मिळालं. भावाचा एमआरआय मी आमच्या फिजिओला दाखवला. ती डच बाई गोड बोलायच्या भानगडीत पडत नाही. म्हणाली, येत्या उन्हाळ्यात ऑपरेशन केलं तर हा माणूस निदान नीट चालेल. अजून एक वर्ष असाच उड्या मारत राहिला तर मी काही सांगू शकत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, फक्त जरा घुमवून.

भावाला हे सगळं मान्य होतं. तो एवढंच म्हणायचा, “आक्का, एक कप घेतो आणि सोडतो.”

इतकी वर्षं खेळून त्याच्या हाताला एकही कप लागलेला नाही. दोनदा फायनल हरला. पेठेत त्याला सगळे ओळखतात, चहाचे पैसे कुणी घेत नाही, पण कप नाही. मी त्याला म्हणायचे, मे महिना आला की कप असो-नसो, टेबलावर झोपायचं. तो हसून ‘बघू की’ म्हणायचा. त्या ‘बघू की’मध्ये जागा होती. मी बहीण आहे, मला ती जागा ऐकू येत होती. मे महिन्यात त्याला ओढून नेणं मला जमलं असतं.

मग आम्ही फ्लेक्स लावला.

कोल्हापूरचा माणूस बारशापासून बाराव्यापर्यंत कशाचाही फ्लेक्स लावतो, आणि परदेशात गेला की त्याची ही हौस दुप्पट होते. पलीकडच्या पेठेशी सामना होता त्याच्या आदल्या आठवड्यात हूफडॉर्पवाल्याला कल्पना सुचली. डिझाइन त्यानंच केलं. मधोमध माझा भाऊ झेप घेताना, वर ‘विजयी निरोप’, आणि खाली नेदरलँड्सच्या चाहत्यांतर्फे म्हणून ट्युलिपच्या पट्टीत आमचे चेहरे. माझा फोटो चांगला आला होता. मी दोनदा झूम करून बघितला आणि ‘लाव’ म्हटलं. हूफडॉर्पवाल्याच्या चुलतभावानं तो आमच्या चौकात लावला. घरातल्या घरात चाललेली गोष्ट आम्ही पेठेच्या डोक्यावर टांगली, आणि तीही मॅचच्या आधी.

नवरा तेवढा म्हणाला होता, “अगं, जिंकल्यावर लावा ना.” पुण्याच्या माणसाचं फुटबॉलमध्ये कोण ऐकतं?

मॅच बरोबरीतच सुटणार असं वाटत होतं. दुसऱ्या हाफच्या शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू सोपा होता, हे मी बहीण म्हणून नाही, बघणारी म्हणून सांगते. भाऊ पुढे आला, त्याचे हात वर गेले आणि पाय जमिनीवरच राहिले. चेंडू बोटांवरून गेला आणि मागे उभ्या असलेल्या पोरानं डोकं लावलं.

हूफडॉर्पवाला रेफ्रीच्या आईवर घसरला. नवऱ्यानं आवाज कमी केला. मी आइंडहोव्हनवाल्याकडे बघितलं. वर्षानुवर्षं तो या क्षणाची वाट बघत होता. त्यानं नाचायला हवं होतं, टेबल बडवायला हवं होतं. तो उठला, पाणी प्यायला आणि हळूच म्हणाला, “वहिनी, गुडघा लई दुखतोय वाटतं त्याचा.”

मला त्या माणसाचा इतका राग कधीच आला नव्हता. शत्रूनं चिडवणं सोडलं म्हणजे तुमच्यात काही उरलं नाही, एवढं तर लहान पोरालाही कळतं. मी त्याला म्हणाले, “चिडव की! गप्प का बसलास?” तो ग्लास विसळायला गेला.

संध्याकाळी पलीकडच्या पेठेतल्या पोरांनी आमच्या फ्लेक्सला हार घातला. माझ्या भावाच्या फोटोला, पांढऱ्या फुलांचा. त्याचे फोटो आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रात्रीतून तालमीनं फ्लेक्स उतरवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ फोनवर म्हणाला, “आता कप घेतल्याशिवाय सोडत न्हाई. आता सोडलं तर हरून पळाला म्हणतील.” त्या बोलण्यात ‘बघू की’ कुठेच नव्हतं.

यानंतर आम्ही सगळ्यांनी अपेक्षा खाली आणायला सुरुवात केली. चाहत्यांना ही कला उपजत येते. हूफडॉर्पवाल्यानं आठवडाभर तोंड दाखवलं नाही. मग म्हणाला, लीगचं काय एवढं, तिसरा नंबर आला तरी इज्जत राहते. आमच्या शेजारी एक म्हातारे डच गृहस्थ राहतात. त्यांचा संघ त्यांच्या हयातीत काही जिंकलेला नाही. आमचा आरडाओरडा भिंतीतून ऐकून त्यांनी मला कुंपणापाशी गाठलं. ते म्हणाले, “ऑगस्टमध्ये आम्ही म्हणतो विजेते. ख्रिसमसला म्हणतो पहिले पाच. वसंत आला की आम्ही हवामानावर बोलतो.” आणि खरंच त्यांनी लगेच वाऱ्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

मी माझी घासाघीस भावाशी करत होते.

“तिसरा नंबर आला तर सोडशील?”

“तिसऱ्याला कप देत्यात काय?”

“बेस्ट कीपरचं बक्षीस मिळालं तर?”

“आक्का, ते आता पोरांना मिळतंय.”

“मग नॉकआउट. नॉकआउटचा कप तर चालेल?”

“पळतोय.” आमच्याकडे पळतो म्हणजे चालतो.

म्हणून आम्ही सगळे नॉकआउटच्या मागे लागलो. लीगमध्ये आम्ही घसरत होतो, तरी हूफडॉर्पवाला म्हणायचा, मुद्दामच ताकद राखून ठेवली आहे. मीही मान डोलवायचे. देवापुढे दिवा लावायचे, आणि इथे दिवा लावला की वरचा स्मोक डिटेक्टर केकाटतो म्हणून नवऱ्याला खुर्चीवर उभा करून तो बंद करायला लावायचे. पहिल्याच फेरीत सामना टायब्रेकरला गेला. टायब्रेकर म्हणजे कीपरचा खेळ. मला वाटलं, इथे तरी.

समोरच्यांनी प्रत्येक पेनल्टी त्याच्या डावीकडे मारली. पहिली, दुसरी, तिसरी. डावीकडे झेपावायला डाव्या पायावर जोर द्यावा लागतो, आणि तो पाय जोर घेत नव्हता. घरातली माणसं आणि डॉक्टर सोडून हे कुणाला ठाऊक नाही असं आम्ही समजत होतो. सगळ्या गावाला ठाऊक होतं. चौथ्या पेनल्टीला तो आधीच डावीकडे सरकून उभा राहिला, आणि मारणाऱ्यानं शांतपणे उजवीकडे चेंडू ढकलला. गॅलरी हसली. यूट्यूबवर ते हसू स्वच्छ ऐकू आलं.

त्यानंतर खालच्या गटात जायचं नाही, एवढीच अपेक्षा उरली. नवऱ्याला अशा वेळी उत्साह येतो. कुणी कुणाला हरवलं तर आपण वाचतो, याची गणितं तो मांडून दाखवायचा. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरेशी होती. आइंडहोव्हनवाला त्या दिवशी मटण घेऊन आला. त्याची पाळी नव्हती. आम्ही आधी आघाडी घेतली, मग दोन गोल खाल्ले. दुसरा गोल झाला तेव्हा भाऊ जमिनीवर होता. त्याला उठायला जो वेळ लागला तो मी बघितला नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन सिंक घासायला लागले. बाहेर मागच्या मैदानावर कुणीतरी गोल मारला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

आम्ही खालच्या गटात गेलो. हूफडॉर्पवाला बूट घालताना म्हणाला, “ताई, एक प्रकारे बरंच झालं. खालच्या गटात पुढच्या वर्षी आपणच विजेते.” मी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं, जे मी कुणाच्या बाबतीत करत नाही.

रात्री आईला फोन लावला. तिनं भावाबद्दल काही सांगायच्या आधी इकडचंतिकडचं बरंच सांगितलं, म्हणजे मला कळलं. शेवटी आवाज बारीक करून म्हणाली, “जिना बसून उतरतोय गं. एकेक पायरी. लोकांनी बघू नये म्हणून मला आधी खाली पाठवून दार लावून घ्यायला सांगतोय.”

मी म्हटलं, त्याला फोन दे.

त्यानं फोन घेतला. मी ठरवलं होतं की आज ओरडायचं. ऑपरेशनची तारीख मी इथून घेते, तिकीट काढते, येऊन उशाशी बसते, सगळं तयार होतं माझ्याकडे. तेवढ्यात तोच म्हणाला, “आक्का, कपाचं राहू दे. पुढच्या वर्षी नुसता संघ वर आणतो आणि सोडतो.”

वर्षभर मी ज्यासाठी त्याच्या मागे लागले होते, ते त्यानं आपणहून देऊन टाकलं. अट कमी केली. माझा भाऊ, जो कपाच्या खाली एक बोट यायला तयार नव्हता, तो मला विचारत होता की एवढं तरी चालेल का. आणि पुढचं वर्ष त्या गुडघ्यात नव्हतं. मला ते ठाऊक होतं आणि त्याच्या आवाजावरून कळत होतं की त्यालाही ठाऊक आहे. कीपर म्हणून त्याला कुणी उभं करणार नव्हतं, खालच्या गटातसुद्धा नाही.

माझ्या तोंडून ओरडणं निघालं नाही. “आणशील की,” मी म्हणाले. “का न्हाई आणणार?”

“आणतो,” तो म्हणाला.

मग त्यानं फोन चालू ठेवूनच आईला हाक मारली आणि दार लावून घ्यायला सांगितलं. त्याला खाली जायचं होतं.