पोहण्याच्या टाक्यावर फवारणी

आधी आवाज आला. मोटारीच्या खोलीतून, म्हशीनं रवंथ करता करता ढेकर द्यावा तसा. गुर्रर्र, मग जरा थांबून फस्स्स. कितीतरी वर्षं झाली त्याला, पण अजून कुठं पाण्याची मोटार अडखळली की मी आधी बटण बंद करायला पळतो. काहून पळतो, ते सांगतो. तुम्ही चहा घ्या. मी हळू बोलतो, चहा निवून जाईल, पण माझी फजिती काही निवायची नाही.

कापसाची वाईट सालं होती ती. बोंडअळी दवाईला भीत नव्हती, आणि बाजार आम्हाला ओळख देत नव्हता. मी वावर भाच्याला, किसनाला, बटईनं दिलं आणि बोरी अरबच्या शिवारात एका कापडवाल्या शेठच्या फार्महाऊसवर राखणीला राहिलो. शेठ यवतमाळचे, रविवारी यायचे. तिथं त्यांनी पोहायचं टाकं बांधलं होतं, निळ्या फरशीचं. पहिल्या वर्षी अख्खं गाव बघून गेलं. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "याच्यात बैल धुता येतात काय?" मी म्हणालो, "शेठले इचारून सांगतो." विचारलं नाही, तेवढी अक्कल होती.

आम्ही दोघं तिथंच एका खोलीत राहायचो. आमच्या बुढीचं, म्हणजे बायकोचं, नाव कौसल्या. उभा जन्म वाकून कापूस वेचला, तर गुडघे पार गेले तिचे. खोलीच्या दोन पायऱ्या चढायच्या-उतरायच्या तरी तिरपी होऊन भिंतीला हात लावायची. मला ते बघवत नसे. बघवत नाही म्हणून मी दुसरीकडं बघायचो, आणखी काय करणार?

शेठच्या घरच्या बाईंना हे दिसलं. त्यांचाही गुडघा पडून दुखावला होता आणि डॉक्टरनं त्यांना पाण्यात चालायला सांगितलं होतं. त्या बुढीला म्हणाल्या, "कौसल्याबाई, तुम्हीही या माझ्याबरोबर पाण्यात."

"मले पोहता नाई येत, बाई."

"पोहायचं नाहीच. कमरेएवढ्या पाण्यात नुसतं चालायचं."

"चालाले मंग पाणी कायले लागते?"

बाई हसल्या. म्हणाल्या, पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही, दुखत नाही. दुखत नाही म्हटल्यावर बुढीनं विचारलं, "अन् लुगडं?" लुगड्याचं विचारलं म्हणजे तिला पटलं, हे मला ठाऊक होतं.

पण त्या वेळी पाणी बिघडलेलं होतं. शेठ टाक्यात मुंबईची एक पातळ दवाई टाकायचे. तिला वास नाही, डोळे झोंबत नाहीत, म्हणून मोठी महाग. पण दोन उन्हाळे झाल्यावर पाणी ताकासारखं दिसू लागलं आणि फरशीवर शेंबडासारखा थर धरला. बाईंच्या हातांना खाज सुटली. तेव्हा ठरलं, ही दवाई बंद, आता क्लोरीन. बाई म्हणाल्या, "पाणी एकदा चांगलं झालं की पहिल्याच दिवशी आपण दोघी उतरू." आणि त्यांनी आपला एक जुना सलवार-कुडता बुढीला देऊन टाकला.

बुढीनं तो दार लावून घालून पाहिला.

"पायजामा घातल्यावानी वाटते. हासू नका."

"मी कुठी हासलो?"

"डोये हासून राह्यले तुमचे."

त्यानंतर रोज सकाळी एकच विचारणा. "झालं काय पाणी?" नातवाला शाळेत घालायच्या वेळीसुद्धा ती इतकी उतावीळ झाली नव्हती.

क्लोरीनचं सांगायला नागपूरहून एक माणूस आला. पोरगा शहाणा होता, मला समजेल असं बोलला. "बाबा, ह्या दोन दवा म्हणजे सवती. एका घरात ठेवायच्या नाहीत. आधी जुनी बंद करा. अर्ध्याच्या वर पाणी काढून टाका, नवं भरा. गाळणीतली वाळू बदला. काही आठवडे जुनीचा जोर उतरू द्या. मग क्लोरीन टाका, तेही थोडं थोडं." एवढं सांगून, क्लोरीनचा डबा ठेवून तो जीपनं दारव्ह्याकडं निघून गेला.

मी डबा उघडून वास घेतला. अरे, हे तर आपलं टीसीएल. ग्रामपंचायतीच्या विहिरीत पाणी शुद्ध करायला टाकतात तेच, जरा चांगल्या घरचं. माझी भीती तिथंच गेली. भीती जायला नको होती.

आता तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं तसं केलं का नाही? अहो, चैताचे दिवस. गावात बाया टँकरच्या मागं घागरी घेऊन पळत होत्या, आणि मी अर्धं टाकं नालीत सोडू? माझा हात त्या नळाला लागेचना. वाटलं, पाणी आजारी आहे, मेलेलं नाही. आजारी माणसाला कोणी फेकून देतं काय?

आणि आठवडे थांबायचं म्हणजे बुढीला रोज सकाळी 'नाही' म्हणायचं.

मग मी कापूसवाल्याचं डोकं चालवलं. आम्ही काय करायचो? एका दवाईनं अळी मरत नसली, तर तिच्यात दुसरी मिसळायची. दोन्ही मिळून तरी मारतील. सवती असल्या तरी भांडत भांडत कामं करतातच की. तेवढ्यात किसना तुरीच्या कुटाराचं, भुशाचं पोतं टाकायला आला होता. त्याला विचारलं.

तो म्हणाला, "मामा, टाका ना बिनधास्त. पण स्टिकर टाकलं काय?"

स्टिकर म्हणजे फवारणीच्या पंपात टाकतात ते चिकट पाणी. त्यानं दवाई पानावर धरून राहते, ओघळत नाही.

"इथं पान कुठी हाय, किसना?"

"फरशी तं हाय. थर फरशीवर बसला ना? मंग दवाई फरशीवर थांबाले नको?"

आता तुम्हीच सांगा, यात चूक काढायला जागा होती काय? मला तरी दिसली नाही. किसनाच्या घरची स्टिकरची बाटली आली. पंपाला झाकणभर लागतं, मग एवढ्या टाक्याला बाटलीभर तर लागणारच. अख्खी ओतली. वरून क्लोरीनचा डबाही बराच रिकामा केला. हे सगळं शनिवारच्या दुपारी. आणि दवाई भिजायच्या आधीच गावातल्या फोनवरून यवतमाळला निरोप दिला की पाणी तयार आहे, बाईंना उद्या येऊ द्या.

फोन करून आलो, तर पाणी हिरवं. मी म्हणालो, काम करून राह्यली दवाई. संध्याकाळी ते काळ्या चहासारखं झालं. म्हणालो, रोग बाहेर पडून राह्यला. बुढीला मात्र टाक्याकडं येऊ दिलं नाही. "उद्याच पाह्य, नवरीसारखं."

सकाळी मोटार चालू केली, आणि तो ढेकर आला.

फेस पाहिलाय तुम्ही? नाही, तसा नाही. गाळणीतून जो फेस निघाला तो आधी पाण्यावर पसरला, मग काठावर आला, मग काठ ओलांडून फुलझाडांवर चढला. मी मोटार बंद करायला पळालो, तर दारातच तो मांडीपर्यंत. बंद केली तोवर वारा सुटला होता. वाऱ्यानं फेसाचे गोळे उचलले आणि शेजारच्या वावरातल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवर नेऊन ठेवले. एकेका बोंडावर एकेक गोळा. देवाशप्पथ, तसं पीक आमच्या शिवारात कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

कुंपणावर माणसं जमली.

"मामा, कोणतं बियाणं टाकलं?"

"अळी नाई दिसून राह्यली बाप्पा एकही."

"येचाले बाया पाठवू काय?"

एवढ्यात गाडी आली. बाई उतरल्या, टाक्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. खाली काळा चहा, वर पांढरं शिवार. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाबा, यात काय काय टाकलं?"

"दवाई. अन् थोडं स्टिकर."

"कशाच्या हिशोबानं?"

"बोंडअळीच्या."

"पण बाबा, टाक्यात बोंडअळी कुठं होती?"

बाई दोन्ही हातांनी तोंड झाकून खुर्चीवर बसल्या. आधी वाटलं रडतात. मग त्यांचे खांदे हलताना दिसले. कुंपणावरची माणसं तर उघडच हसत होती.

मी मागं पाहिलं, तर खोलीच्या दारातून बुढी येत होती. सलवार-कुडता घातलेला, वरून पदराची सवय म्हणून टॉवेल डोक्यावर घेतलेला. सगळ्या गावासमोर. ती काठाशी आली, चपला काढल्या, पाण्याकडं बघत राहिली.

आजवर बुढीनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेव्हा मी हे दाखवत होतो. वाटलं, आधी आपण उतरावं, म्हणजे तिला धीर येईल. मी धोतर खोचलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. थर तिथंच होता. स्टिकरनं त्याला चांगलं धरून ठेवलं होतं. मी बसल्या बसल्या सगळ्या पायऱ्या उतरलो आणि थेट पाण्याखाली गेलो.

वर आलो तेव्हा डोक्यावर हातभर फेस होता. कुंपणावरून कोणीतरी म्हणालं, "फुटलं, मोठं बोंड फुटलं."

मी डोळे पुसले. तोंडात काय काय गेलं होतं ते थुंकलो. मग बुढीकडं हात केला.

"ये," म्हणालो, "काही नाई होत. मानसाले काही करत नाई हे. फक्त अळीच मरते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या हाताकडं पाहिलं. चपला परत पायात घातल्या, टॉवेल नीट केला, आणि खोलीच्या त्या दोन पायऱ्या, भिंतीला हातही न लावता, सरळ चढून आत निघून गेली.