खाल्लेलं अंगी लागू नये म्हणून

ऐंशीच्या आसपास मी बेळगावच्या एका खाजगी इस्पितळात नर्स होते. तेव्हा निपाणीच्या एक आक्का आमच्या वॉर्डात दाखल झाल्या. त्यांची तंबाखूची वखार होती आणि माझ्या आईनं त्याच वखारीत वीस वर्षं तंबाखू निवडला होता. लहानपणी मी पाहिलेल्या आक्का झोपाळ्यावर बसल्या की शेजारी दुसऱ्याला जागा उरत नसे. आता त्यांना स्ट्रेचरवरून उचलायला एक वॉर्डबॉय पुरला.

त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. आईचं वजन, आईचे गुडघे, आईची शुगर, या सगळ्यावर त्यानं तिकडं नेऊन एकच उपाय केला. आक्का निम्म्या होऊन परतल्या. निपाणीत कुणी म्हणालं क्षय झाला, कुणी म्हणालं सुनेनं उपाशी ठेवलं. ऑपरेशन करून कुणी मुद्दाम वाळतं, हे कुणालाच खरं वाटेना.

आम्हा नर्सना तरी कुठं ठाऊक होतं? सर्जननी राउंड संपल्यावर केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून समजावलं.

"एक म्हणजे जठरच लहान करायचं. वरच्या बाजूला पिनांची रांग मारून एवढीशी पिशवी ठेवायची. चार घासांत पोट भरतं. दुसरं म्हणजे खाल्लेलं लागूच द्यायचं नाही. लहान आतड्याचा थोडाच भाग चालू ठेवायचा, बाकीचा आतच बाजूला पडून राहतो. काही जण दोन्ही एकत्र करतात. लहान पिशवी करून ती खाली आतड्याला जोडतात."

"आक्कांचं कुठलं?" मी विचारलं.

"दुसरं. अन्न आलं तसं निघून जातं. त्याबरोबर अंगातलं पाणी, क्षार, जीवनसत्त्वं, सगळंच जातं."

आक्कांना दिवसातून दहा-बारा वेळा शौचाला जावं लागे. मूत्रपिंडात खडे झाले होते, केस गळत होते. वजन मात्र झकास उतरलं होतं.

रविवारी आई मला डबा घेऊन आली. आक्कांना बघून दारातच थबकली. मग कॉटजवळ उभी राहिली.

"आक्का, खाल्लेलं अंगाला लागू नये म्हणून पोट कापून घेतलं व्हय?"

"व्हय गं."

आईनं डबा कॉटशेजारच्या स्टुलावर ठेवला. "आमच्याकडं त्याला आपरेशन लागत न्हवतं."

आक्का हसायला लागल्या आणि पोट दुखलं म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "डब्यात काय हाय?"

"जोंधळ्याची भाकरी न् झुणका. तुमास्नी चालंल?"

"इथलं बेचव खाऊन कंटाळा आलाय. दे."

वखारीत आईच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. त्या दिवशी आक्कांनी तिच्या डब्यातली भाकरी मोडून घेतली. त्यासाठी त्यांना अमेरिकेला जाऊन यावं लागलं, हे मनात आलं. पण मी ड्युटीवर होते, पुढच्या कॉटकडं गेले.

सर्जन म्हणाले, आतडं कापून टाकलेलं नाही, पुन्हा पहिल्यासारखं जोडता येईल. मात्र वजन परत वाढेल. मुलानं ट्रंक कॉल करून विरोध केला. एवढी मेहनत वाया जाईल म्हणाला. मेहनत कुणाची, ते बोलला नाही. आक्कांनी संमतीच्या कागदावर स्वतः सही केली. नाव पुरं लिहिलं.

ऑपरेशन नीट झालं. वर्षभरानं त्या तपासून घ्यायला आल्या तेव्हा वजनकाट्याचा काटा जवळजवळ जुन्या जागी गेला होता. गुडघे पुन्हा धरले होते. सर्जननी काळजीनं आहाराची यादी लिहून दिली. ती पिशवीत घालत आक्का मला म्हणाल्या, "निपाणीत सगळी म्हणत्यात, आता कशी बरी दिसतीस."

त्या खरंच बऱ्या दिसत होत्या. मीही तसंच म्हणाले.