जयपूरला नेलेला शाळेचा दाखला

साठच्या दशकात मी हौसेने जयपूर पाहायला गेले असं सांगितलं, तर ती थाप होईल. धाकट्या बहिणीचं पत्र आलं होतं: "ताई, मॅट्रिकला बाहेरून बसतेय. माझा शाळेचा दाखला घेऊन ये. पास झाले तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाता येईल." पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी मांडीवर लेक, नववीतच शाळा सुटली होती तिची. दाखला पिशवीत घालून मी पुण्याहून निघाले.

सवाई माधोपूरला उतरून छोट्या रुळांची गाडी धरायची. धूळ इतकी, की जयपूर येईपर्यंत माझे केस पिकल्यासारखे दिसत होते. स्टेशनबाहेरची गरम कांदा कचोरी चुकवू नका. ती किती तिखट आहे, हे मात्र खाण्याआधी कुणी सांगत नाही.

टांग्याने आदर्श नगरातलं बहिणीचं घर गाठलं आणि दारातूनच हाक मारली, "कुसुम!"

सात वर्षांची मिनी बाहेर आली. "मावशी, ये कुसुम कौन है?"

पोरीला आईचं माहेरचं नावच ठाऊक नव्हतं! लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने 'वैशाली' लिहिलं, आणि आमची कुसुम तिथेच संपली. मला भारी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती. फॉर्मवर वैशाली, दाखल्यावर कुसुम. शाळेच्या बड्या बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चष्मा सारखा केला. "ये तो दो अलग लड़कियाँ हैं! चार बजे तक हलफ़नामा लाइए."

बहिणीचे डोळे भरले. तिचे यजमान माधवराव, विमा कचेरीतले साहेब, पार ओशाळले. फॉर्म त्यांनीच भरला होता, नावही त्यांनीच निवडलं होतं. हलफ़नामा म्हणजे प्रतिज्ञापत्र, म्हणून आम्ही टांगा कोर्टाकडे पळवला. हवामहाल मी तेवढाच पाहिला, धावत्या टांग्यातून. तुम्ही सकाळच्या उन्हात निवांत पाहा.

"नाम मैंने ही बदला था, साहब," माधवराव कोर्टात इतक्या अपराधी चेहऱ्याने म्हणाले, की कारकुनालाही हसू फुटलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही प्रतिज्ञापत्र घेऊन शाळेत पोचलो, आणि बहनजींनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. "किस नाम से?"

माधवरावांनी तोंड उघडलं, पण बहीण आधी बोलली. "कुसुम."

मग मातीच्या कुल्हडातली लस्सी, मिनीच्या नाकापर्यंत साय, आणि माधवरावांची रात्रीपर्यंत थट्टा.

जयपूरहून आणलेली छापील चादर दोन धुण्यांत विटली. आमची घासाघीस फुकट गेली म्हणायची. उन्हाळ्यात मात्र एक पोस्टकार्ड आलं, वाकड्या अक्षरांतलं. ते अजून माझ्या कपाटात आहे:

"मावशी, कुसुम पास झाली. आता ती पण शाळेत जाणार, मतलब माझ्यासारखी. मिनी."