देवाजीचा शेवटचा वाटा

आमच्या चामोर्शीकडच्या तलावावर देवाजीवानी नशिबाचा माणूस दुसरा नाई. जाळं त्याचं फाटत नाई, बायको त्याची भांडत नाई, आन् मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष बी तोच. मी सोमाजी, खजिनदार. पेटीची चावी माह्या करदोड्याले. तेवढंच माहं होतं, बावा!

सत्त्याऐंशीच्या संक्रांतीनंतर रेडिओनं सांगतलं का पंतप्रधानानं अर्थखातं बी सोताकडंच घेतलं. दुसऱ्या दिवशी सभेत देवाजी उभा राह्यला. "सोमाजीभाऊ, दिल्लीत एकच माणूस दोन्ही कारभार पाहून राह्यला, त मले एक तलाव झेपणार नाई का? तुमच्या डोळ्याले आता बरोबर दिसत नाई. चावी द्या."

साऱ्यांनी माना हलवल्या. मी चावी देल्ली. अंगाची नुसती आग झाली.

पण मनात म्हटलं, थांब लेका! आमच्या इथी रीत हाय. मासोळीचे वाटे खजिनदार पाडते आन् उरला तो वाटा सोता घेते, म्हंजे पाडताना हात वाकडा होत नाई. अध्यक्ष मात्र पयला वाटा उचलते. इतके वर्षं माह्या घरी उरलीसुरली मासोळीच शिजली. आता हा दोन्ही! पयला वाटा सोडते का? उचलला का बोंब मारतो आन् चावी परत घेतो.

तलावात जाळं ओढलं त्या दिवशी देवाजीनं वाटे पाडले. एकात ही मोठी मरळ! मी टपूनच होतो. त देवाजी म्हंते, "सोमाजीभाऊ, पयला वाटा तुमचा." आन् सोता जाऊन साऱ्यांच्या मांगं उभा राह्यला. त्याले उरल्या चार बोटभर कोतऱ्या.

"देवमाणूस व!" वाटा न्याले आलेली सुकरी म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी.

अव, इतके वर्षं कोतऱ्या मी खाल्ल्या! माह्यासाठी कोणाचा डोळा वला झाला का? चावी गेली त गेली, हा शेवटचा वाटा बी नेते का? मले राहवलं नाई. मी मरळ त्याच्या पुढ्यात आपटली आन् कोतऱ्या वढल्या. "हा वाटा माहा हाय!"

देवाजीनं हात जोडले. "घ्या भाऊ, तुमचाच."

"पाह्य व," सुकरी डोळे पुसत म्हणाली, "होतं तेवढं बी देऊन टाकलं बिचाऱ्यानं!"

बिचारा मरळ घेऊन घरी गेला.